हमालाचा धनी कोण?



कायद्याचा इतिहास वकिलाने सांगावा, शाळामास्तराने नव्हे, असे आपणांपैकी कित्येकांस वाटेल. आणि ते वाटणे रास्तही आहे. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. कायद्याची पुस्तके मी उघडली ती सेवानिवृत्तीनंतर, आणि तीही एका छापील अर्जातल्या एका रकान्यामुळे. तो रकाना पुष्कळ वर्षे माझ्या मनात टोचत राहिला होता, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

मी मुंबईत शिक्षक असताना दर जून महिन्यात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांचे फीमाफीचे अर्ज भरून घेण्याचे काम मजकडे असे. पालकाचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, मालकाचा दाखला, असे रकाने त्यांत होते. एके वर्षी एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांचे अर्ज मजपुढे आले. दोघांचे वडील सातारा जिल्ह्यातले, एकाच गाळ्यात राहणारे, दोघेही पाठीवर पोती वाहून पोट भरणारे. पहिला मशीद बंदरच्या किराणा बाजारात काम करी. त्याने वर्षभराच्या मजुरीची एक छापील चिठ्ठी आणली. तिच्यावर शिक्का होता, सही होती. दुसरा कुठल्याशा खाजगी वखारीत ओझी उचलीत असे. तो दाराशी उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मालक म्हणून कुणाचं नाव लिवू? सकाळी एक असतो, दुपारी दुसरा.” अखेरीस त्याने मुकादमाचा अंगठा उठवून आणला. मालकाचा दाखला नाही, या शेऱ्यासह तो अर्ज वरच्या कचेरीतून परत आला.

काम एक, ओझे एक, घाम एक. मग एकास कागद मिळतो आणि दुसऱ्यास मिळत नाही, हे कसे? याचे उत्तर १९६९ सालच्या एका कायद्यात आहे. पण त्या कायद्याचे मोल कळण्यास त्याच्या मागे थोडे जावे लागेल.

आपल्याकडील कामगार कायद्यांचा जन्म गिरणीच्या दारात झाला. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संस्था उभारली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारास रविवारची सुटी मिळाली. पुढे १९२३ साली अपघाताच्या नुकसानभरपाईचा, १९३६ साली पगार वेळेवर देण्याचा, १९४८ साली आजारपणाच्या विम्याचा आणि १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. हे सारे कायदे चांगलेच होते. परंतु या सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होते : एक आवार, त्यास एक फाटक, फाटकाशी हजेरीचे पुस्तक, आणि पुस्तकाचा एक मालक. ज्याचे नाव त्या पुस्तकात त्यास कायद्याची छत्री. ज्याचे नाव नाही तो पावसात.

हमालास फाटकच नव्हते. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. मुंबईत हे लोक बहुतांशी घाटावरून येत. एका गावचे दहा-वीस जण मिळून टोळी करीत. टोळीचा पुढारी तो टोळीवाला किंवा मुकादम. व्यापारी बोलणे करी ते मुकादमाशी, पैसे देई तेही मुकादमास, आणि मुकादम आपला वाटा काढून उरलेले टोळीत वाटी. गाडी आली तर काम, न आली तर ओट्यावर बसून राहावयाचे. साखरेचे पोते भरले की शंभर किलोंचे होई. जड पोत्याखाली मणका दुखावला, तर व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. आणि मुकादम म्हणे, मी तरी कोठला मालक! दोघेही खोटे बोलत होते असे नाही. कायद्याच्या भाषेत दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि त्या माणसाचे दुर्दैव नेमके त्यातच होते.

न्यायालयांनी हा पेच सोडविण्याचा यत्न केलाच नाही असे म्हणता येणार नाही. सौराष्ट्रातील मिठागरांवर आगरिया लोक कुटुंबासह राबत. प्रत्येकास आपला वाफा नेमून दिलेला, मोबदला मिठाच्या वजनावर. कारखान्याचे म्हणणे असे की हे स्वतंत्र कंत्राटदार होत. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात निकाल दिला की, काम कसे करावे यावर ज्याची हुकमत तो मालक. सबब आगरिया हे कामगारच होत. निकाल उत्तम. पण तेथे हुकमत गाजविणारा कारखाना एकच होता. दिवसातून पाच दुकानांची पोती उचलणाऱ्यावर हुकमत कोणाची म्हणावी? ती कसोटी येथे लावावयास गेले की हातातून निसटते.

एक रस्ता मात्र गोदीतून निघालेला होता. लंडनच्या गोद्यांत रोज सकाळी फाटकाशी मजुरांची झुंबड उडे. मुकादम बोट दाखवील तो आत जाई, बाकीचे उपाशी घरी परतत. १८८९ साली तेथील मजुरांनी सुमारे पाच आठवडे संप केला. तासास सहा पेन्स मिळावेत आणि एकदा कामावर घेतले की निदान चार तासांचे काम द्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. एवढीशी मागणी, पण तीसाठी अर्धी दुनिया हलली! तेव्हापासून तेथे असा विचार वाढत गेला की रोजच्या मजुराची एक पक्की नोंदवही करावी, काम पाळीने वाटावे, आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास काही भत्ता द्यावा. १९४७ साली इंग्लंडात ती योजना पुरी अमलात आली. आपल्याकडे व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ सालच्या अहवालात गोदी मजुरांविषयी हीच दिशा दाखविली होती. १९४८ साली कायदा झाला आणि १९५१ साली मुंबईच्या गोदीत मंडळ आले.

परंतु गोदीस भिंत असते, जहाज आल्यागेल्याची नोंद असते. बाजारास भिंत नाही. मुळजी जेठा मार्केटातील कापडाच्या गाठी, दाणा बंदरातील धान्य, कर्नाक बंदर आणि दारूखान्यातील लोखंड, हे सारे हजारो पेढ्यांतून फिरे. तेथील हमालांची संघटना करणे म्हणजे वाळूची मूठ बांधण्यासारखेच होते. मुंबईत ते काम अण्णासाहेब पाटील यांनी केले. त्यांचा जन्म १९३३ चा, गाव सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५५ सालीच हमाल पंचायत स्थापून तेथील बाजारात या माणसांस एकत्र आणले होते. मोर्चे झाले, संप झाले, बाजार बंद पडले. त्या साऱ्याचे वर्णन मी येथे करीत नाही. मला सांगावयाचे आहे ते मोर्चा संपल्यावर टेबलाशी बसून काय ठरले ते.

१९६५ साली महाराष्ट्र सरकारने एक समिती नेमली. ज्यांस कोणत्याही कायद्याचे संरक्षण नाही अशा कष्टकऱ्यांची स्थिती तिने पाहावयाची होती. १९६७ साली तिचा अहवाल आला. माथाडी, हमाल, गोदीतील नैमित्तिक मजूर, लोखंडी जथ्याचे कामगार, मिठागरांवरील लोक, यांचे काम उघड्यावर चालते, ते एकाच दिवशी निरनिराळ्या मालकांकडे राबतात, आणि कामाचे मानही कायम नसते. तेव्हा जुन्या कायद्यांस ठिगळे लावून यांचे भागणार नाही, स्वतंत्र कायदाच पाहिजे, असे समितीने म्हटले. सरकारी समितीने इतके सरळ बोलावे याचे मला आजही नवल वाटते. त्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. यशवंतराव चव्हाण तोवर दिल्लीस गेले होते. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक.

या कायद्याची खुबी अशी की त्याने ‘धनी कोण’ हा वाद लांबवीत बसण्याचे टाळले. मध्ये कंत्राटदार असो वा नसो, ज्याच्या धंद्याचे काम झाले तो मुख्य मालक, एवढे त्याने व्याख्येत सांगून टाकले. मग एकेका बाजारासाठी योजना आणि योजनेसाठी मंडळ. मंडळावर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मंडळात नाव नोंदवावयाचे, हमालानेही नोंदवावयाचे. व्यापाऱ्याने टोळीस रोख पैसे मोजावयाचे नाहीत. महिन्याचे काम हिशेबाने दाखवून मजुरीची रक्कम मंडळाकडे भरावयाची, आणि तिच्यावर ठराविक शेकडेवारीने आणखी एक रक्कम द्यावयाची. हीस ‘लेव्ही’ म्हणतात. तिचा दर मंडळागणिक वेगळा असतो. मंडळ टोळीतील प्रत्येकाच्या नावे मजुरी देते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवापाणी यांची तजवीज करते. शिवाय नुकसानभरपाईचा, वेळेवर पगाराचा आणि बाळंतपणाच्या रजेचा, हे तिन्ही कायदे या मजुरांसही लागू केले गेले. टोळी मोडली नाही, मुकादमही गेला नाही; मात्र पैशाची वाट त्याच्या हातातून निघून गेली.

माझ्या पहिल्या पालकाने आणलेली छापील चिठ्ठी अशा मंडळाची होती. ‘मालक’ या रकान्यात त्याने मंडळाचेच नाव लिहिले होते. काटेकोर वकील म्हणेल की मंडळ काही मालक नव्हे. नसेल, पण कचेरीने तो अर्ज मान्य केला.

येथे मला एका दूरच्या गोष्टीची आठवण होते, आणि ती मी अशासाठी सांगतो की या कायद्याचे मूळ तत्त्व, माझ्या मते, कामगार कायद्यांपेक्षा करांच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. १७९९ साली फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी इंग्लंडचा मुख्य प्रधान पिट याने प्राप्तीवर शेकडा दहापर्यंत कर बसविला. प्रत्येकाने आपले उत्पन्न आपणच सांगावयाचे, अशी त्याची रीत. लोकांनी काय सांगितले असेल ते सांगावयास नको! १८०३ साली ॲडिंग्टनने दर निम्म्यावर, शेकडा पाचावर आणला, परंतु रीत बदलली. भाडे देणाऱ्याने भाड्यातून, व्याज देणाऱ्याने व्याजातून, पगार देणाऱ्याने पगारातून कर आधीच कापून सरकारात भरावयाचा. दर निम्मा होऊनही वसूल जवळजवळ तेवढाच झाला. पैसा घेणाऱ्याच्या मागे धावू नये, तो देणाऱ्याच्या हातून सुटतो तेथेच पकडावा, हे सूत्र तेव्हापासून जगातील सर्व खजिन्यांनी पाठ केले. आपल्याकडेही कंत्राटदारास द्यावयाच्या रकमेतून उगमापाशी प्राप्तिकर कापण्याचे कलम १९७२ साली आले.

पाहा, कर घेताना सरकारने कधी विचारले नाही की हा मनुष्य नोकर आहे की स्वतंत्र धंदेवाला. नोकर असेल तर एका कलमाखाली कापा, कंत्राटदार असेल तर दुसऱ्या. कापा म्हणजे झाले. तोच मनुष्य आजारपणाचा विमा मागावयास आला की मात्र प्रश्न उभा राहतो, तू नोकर होतास याला पुरावा काय? माथाडी कायद्याने प्रथमच असे केले की खजिन्याची ही जुनी युक्ती हमालाच्या पदरी बांधली. पैसा व्यापाऱ्याच्या हातून सुटतो तेथेच त्यातील हमालाचा भाग धरला.

लेव्हीस कित्येक व्यापारी कर समजतात. परंतु तो कर नव्हे. कराचा पैसा सरकारचा होतो, लेव्हीचा पैसा ज्याने ओझे वाहिले त्याच्या वर्गाचाच राहतो. भेद पाहावयाचा असल्यास आपल्या घरातील पगाराची चिठ्ठी काढा. महाराष्ट्रात १९७५ सालच्या कायद्याने व्यवसायकर बसला, आणि त्याचा विनियोग रोजगार हमी योजनेसाठी ठरला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या त्या योजनेने दुष्काळी गावांत खडी फोडणाऱ्या हातांस काम दिले. आज महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये पगारदाराच्या चिठ्ठीतून जातात ते या कायद्याने. घटनेने वर्षाची मर्यादाच अडीच हजारांची घातली आहे. शहरातल्या पांढरपेशाने खेड्यातल्या रोजंदाराचा भार उचलावा हे चांगलेच; पण तेथे देणाऱ्याने त्या मजुराकडून काही काम करवून घेतलेले नसते. लेव्ही भरणाऱ्याने घेतलेले असते.

आता या कायद्याची दुसरी बाजू. थकलेली लेव्ही जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचा अधिकार कायद्यात आहे. तरी तो अधिकार वापरण्यापूर्वी व्यापारी मंडळाच्या पुस्तकात यावा लागतो, आणि पुष्कळ येतच नाहीत. निम्मे काम हिशेबात दाखवावे, निम्मे बाहेरच्या टोळीकडून रोखीने करून घ्यावे, ही वाट बाजारात कोणास ठाऊक नाही? मजूरदेखील कधी कधी त्यास राजी होतो, कारण आज हातात पडणारी नोट त्यास म्हातारपणच्या निधीहून जवळची वाटते. त्यास दोष देण्याचे धाडस मला होत नाही. महिनाअखेरीस माझीही गत फारशी वेगळी नसे. आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. माथाडीच्या नावाखाली काही टोळक्यांनी कारखान्यांच्या दाराशी जाऊन, काम न करता पैसे उकळण्याचा धंदा मांडला. उद्योजकांनी त्याविषयी वारंवार तक्रारी केल्या आणि सरकारासही दखल घ्यावी लागली. हमालाच्या हक्काची बदनामी व्यापाऱ्याने केली नाही इतकी या लोकांनी केली.

माझा दुसरा पालक या सर्वाच्या बाहेरच राहिला. त्याची वखार कोणत्याही मंडळाच्या पुस्तकात नव्हती. कायद्याने ज्या कामांची यादी केली आणि ज्या भागांत योजना नेली, तेवढ्यांतच ही छत्री उघडते. आणि तेथेही मालकाने नोंद केली तर.

हा सगळा जुना इतिहास आज का उकरावा? कारण तो रकाना पुन्हा रिकामा दिसू लागला आहे. आपल्या दाराशी जेवणाचा डबा, भाजी, औषध घेऊन येणारा तरुण मोबाईलवर काम घेतो. सकाळी एका कंपनीचे, रात्री दुसरीचे. कंपनी त्यास नोकर म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, नफ्यातही भाग असेल! नीती आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरलेली आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबर कंपनीच्या चालकांस कामगार ठरविले. तेथेही वाद आगरियांच्या वेळचाच होता, हुकमत कोणाची हा. आपल्या संसदेने २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र निराळी वाट धरली. नोकर की धंदेवाला हे न ठरविताच तिने सांगितले की अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या शेकडा एक ते दोन इतकी रक्कम या लोकांच्या निधीत द्यावी. मात्र ती त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. राजस्थानने त्याआधीच, २०२३ साली, प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क घेण्याचा कायदा केला होता. मशीद बंदरच्या हमालांसाठी १९६९ साली काढलेली ती वाट यांत ओळखू येते. फरक इतकाच की तेथे मजुरीदेखील मंडळाच्या हातून जात होती, येथे ती कंपनीच्याच हाती राहिली आहे. हा फरक मला लहान वाटत नाही. मजुरी किती झाली याचे पुस्तक ज्याच्याकडे, त्याच्याच शब्दावर निधीचा आकडा ठरणार.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चाळीतला असाच एक मुलगा मजकडे आला. कंपनीने वर्षभर त्याच्या मोबदल्यातून शेकडा एक प्रमाणे प्राप्तिकर कापलेला होता. उत्पन्न करपात्र नव्हते, तेव्हा ती रक्कम परत मागण्यासाठी विवरणपत्र भरावयाचे होते. त्याच्या बापाने मला विचारले, “मास्तर, हा नोकरीला आहे असं लिहायचं ना?” आम्ही दोघांनी चष्मे लावून तो नमुना वाचला. नोकरदारांचा नमुना त्यास लागू नव्हता. त्याचे उत्पन्न ‘धंदा किंवा व्यवसाय’ या सदराखाली गेले, आणि धंद्याच्या नावापुढे त्याने, मला न विचारता, ‘डिलिव्हरी’ असे लिहिले.